पश्चिमेकडे केसभर जास्त

सोलापूरहून गोव्याला विमानानं जायला साधारण सव्वा तास लागतो. आमच्या सासूबाईंची पिशवी मात्र दोन दिवस आधीच निघाली होती.

ती तशी निघाली याला कारण मी. मी म्हणजे सुनंदा. शुक्रवार पेठेत राहते, हायस्कूलला भूगोल शिकवते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. (हे शेवटचं आमच्या ह्यांचं मत. ह्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दिवसभर खिळे आणि कडी-कोयंडे विकतात, फारसं बोलत नाहीत, पण बोलले की असंच काहीतरी बोलतात.)

आमची एकुलती एक लेक प्राजक्ता सावंतवाडीला दिलेली. तिला सातवा महिना लागला. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला, त्यामुळे डोहाळजेवण तिच्या सासरीच करायचं ठरलं. ते ठरलं मात्र, आणि आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जाहीर करून टाकलं, "नातीची ओटी मी माज्या हातानं भरनार."

त्यात हट्ट नव्हता, हक्क होता. मी नोकरीवाली. प्राजक्ताला न्हाऊ घालण्यापासून ते तिच्या शाळेच्या दप्तरात धपाटे कोंबण्यापर्यंत सगळं आत्यांनीच केलं. पण आत्यांचं वय आता ऐंशीच्या अलीकडे पलीकडे. (नक्की तारीख कुणालाच माहीत नाही. आधार कार्डावर एक जानेवारी आहे. मंगळवेढ्याकडच्या त्यांच्या बरोबरीच्या निम्म्या बायका एकाच दिवशी जन्मल्या असाव्यात.) गुडघे तर त्यांच्यापेक्षाही म्हातारे. प्राजक्ताच्या लग्नाला त्या रस्त्यानं सावंतवाडीला गेल्या होत्या, आणि परत आल्यावर कितीतरी दिवस अंथरुणातून उठल्या नव्हत्या. आता पुन्हा आठ-नऊ तास गाडीत बसायचं म्हटलं असतं तर डॉक्टरांनी मलाच ॲडमिट करून घेतलं असतं.

अशा वेळी सोलापूरचं विमान मदतीला आलं. होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला विमान सुटतं ही बातमी मी नकाशासकट घरात मांडली. शाळेतला ॲटलास आणला, फूटपट्टी घेतली, सोलापूर ते गोवा रेघ मारली.

"सरळ रेषेत तीनशे किलोमीटर," मी म्हणाले. "रस्त्यानं साडेतीनशेच्या वर, शिवाय घाट. विमानानं सव्वा तास. तिथून सावंतवाडी जवळच. म्हणजे इथं चहा घेऊन निघायचं, आणि तिथं जेवायला."

"सव्वा तासात?" आत्या म्हणाल्या. "सव्वा तासात तर यष्टी मंगळवेड्याला बी कशीबशी पोचती."

"तेच तर सांगतेय. वेग, वेळ आणि अंतर यांचा संबंध असा असतो की..."

"तिकीट काढू?" ह्यांनी विचारलं. माझं व्याख्यान थांबवायचा एवढाच उपाय त्यांना येतो.

तिकिटं निघाली. पुढचे आठ-दहा दिवस मी गल्लीत एकही संधी सोडली नाही. भाजीवालीला सव्वा तास सांगितला, पेपरवाल्याला सांगितला, समोरच्या कांबळेबाईंना तर दोनदा सांगितला. "अहो, लग्नसराईत शुक्रवार पेठेतून जुळे सोलापूरला जाऊन यायला एवढा वेळ लागतो!" कांबळेबाई मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, "बाई, विमान गल्लीवरनं जाईल ना? आमी सगळे गच्चीवर चढतो आन टॉवेल हलवतो. तुमी खिडकीतनं बघा." मी म्हणाले, जरूर बघीन.

आणि मग एका संध्याकाळी आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "सुनंदा, गोवा कुटल्या दिशेला येतंय गं?"

प्रश्न साधा होता. पण भूगोलाच्या बाईला घरात कुणी भूगोल विचारावा हा योग माझ्या संसारात पहिल्यांदाच येत होता. मी हातातलं पीठ तसंच ठेवून आले.

"नैऋत्येला," मी म्हणाले.

"नैऋत्य न्हाय. चार दिशा असत्यात. त्यातली सांग."

"आत्या, उपदिशा पण असतात."

"असू देत. शूळ चारच दिशांचा असतो."

आता इथं मी जर नुसतं 'दक्षिण' म्हणाले असते, तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण तसं मोघम सांगणं माझ्या स्वभावात नाही. मी पुन्हा ॲटलास काढला. सोलापूरपासून आडवी रेघ, गोव्यापासून उभी रेघ. दोन्ही मोजल्या. जवळजवळ सारख्याच भरल्या. चष्मा पुसून परत मोजल्या. आणि छातीठोकपणे सांगितलं, "पश्चिमेकडे केसभर जास्त आहे."

आत्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"पश्चिमेला. आन जायाचं शुक्रवारी." त्यांचा चेहरा पडला. "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो गं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. (बघा, पुन्हा.) जुन्या लोकांत ठरावीक वारी ठरावीक दिशेला प्रवासाला निघत नाहीत. सोमवारी आणि शनिवारी पूर्व बंद, मंगळवारी-बुधवारी उत्तर बंद, गुरुवारी दक्षिण बंद, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिम बंद. एकेरी वाहतुकीच्या पाट्यांसारखंच आहे, फक्त दंड कुणाला करायचा हे ठरलेलं नाही. बरं, शुक्रवार सोडायचा तर तोही जमेना. ओटी भरायला देवीचा वार म्हणून आत्यांनीच शुक्रवार धरला होता, सावंतवाडीला पत्रावळ्यांपर्यंत सगळी तयारी झाली होती, आणि गुरुवारी विमानच नव्हतं. ओटी भरायला चांगला तोच वार निघायला वाईट!

"मग नको जायला," आत्या म्हणाल्या. "पोरीचं पयलं बाळंतपन हाय. माज्या पायानं शूळ न्यायला नको तितं."

त्या हे इतक्या हळू आवाजात म्हणाल्या की मी ॲटलास मिटून ठेवला. माझा शूळ-बिळावर काडीचा विश्वास नाही. पण म्हातारीनं महिनाभर ज्या दिवसाची वाट बघितली, तो माझ्या फूटपट्टीनं घालवला होता.

उपाय आत्यांकडेच होता. प्रस्थान ठेवायचं! म्हणजे असं, की चांगल्या वारी आपल्या प्रवासाचं काहीतरी सामान जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तेव्हाच प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघायच्या दिवशी ते सामान उचलायचं आणि तसंच पुढं जायचं. एकदा ठेवलेलं सामान परत घरात आणायचं नाही. आपण सगळेच असे नियमाला वळसा घालतो, पण इतक्या रीतसर फार कमी लोक घालतात. मी लगेच हो म्हणाले.

बुधवारी पिशवी भरली. चांगली जाड खाकी पिशवी. आत्यांनी ओटीचं सामान त्यात घातलं: हिरवं इरकल, खण, खारका-बदाम, हळकुंडं, आणि सोललेला शेंडीचा नारळ. शेंगाचटणीचा डबा तर जाणारच होता. "रोजच्या वापरातलं बी कायतर लागतंय," म्हणून त्यांनी आपला बटणांचा फोनही घातला. (त्यांना फोनची आठवण तो वाजल्यावरच येते.) आणि मी, सगळं एका जागी असलेलं बरं म्हणून, आम्हा तिघांची आधार कार्डं एका पाकिटात घालून त्याच पिशवीच्या तळाशी ठेवली. ऐनवेळी शोधाशोध नको! माझ्या टापटिपीचं मलाच कौतुक वाटलं.

आता ठेवायची कुठं? शेजारच्या घरी ठेवली असती तर काम झालं असतं. पण मी गल्लीत उभी राहून मोबाइलमधलं होकायंत्र लावलं. शेजारचं घर जरा दक्षिणेला कलत होतं. अगदी बरोबर पश्चिमेला होतं ते कोपऱ्यावरचं नरसम्मांचं घर.

नरसम्मा आत्यांची जुनी मैत्रीण. घरात तेलुगू, दारात मराठी. पूर्वी त्यांच्याकडे माग होते, आता मुलगा व्यंकटेश टॉवेल-नॅपकिनचा धंदा बघतो. आत्यांनी पिशवी त्यांच्या हातात दिली, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "नरसम्मा, ही सावंतवाडीला जायाची हाय. नीट सांभाळ."

"काळजी करू नको की," नरसम्मा म्हणाल्या.

बुधवार गेला, गुरुवार गेला. मी मनातल्या मनात एकाच गोष्टीची धास्ती घेतली होती. विमानात हातातल्या सामानात नारळ चालत नाही असं शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं, आणि ते आत्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती. ओटीतला नारळ काढा म्हणून सांगणं म्हणजे ओटीच भरू नका म्हणून सांगण्यासारखं.

शुक्रवारी सकाळी आम्ही नटूनथटून रिक्षात बसलो. मी नवीन सिल्कची साडी नेसले होते आणि चाकांची नवी बॅग घेतली होती. घराला कुलूप लावलं, मागं वळून न बघता कोपऱ्यावर आलो. नरसम्मा दारातच उभ्या. हसतमुख.

"पिशवी द्या, निघतो आम्ही," मी म्हणाले.

"पोचली की."

"कुठं?"

"सावंतवाडीला. आमचा व्यंकटेश काल टेम्पो घेऊन गोव्याला गेला ना, हॉटेलवाल्यांचे टॉवेल घेऊन. म्हणलं, म्हातारीला वजन कशाला? वाटेवर तर हाय. लग्नात रुखवत घेऊन तोच गेलता, घर बघितलेलं हाय त्यानं. पहाटंच पोचवून फोन केला."

आत्यांनी नरसम्मांचे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या आदी माजं प्रस्थान पोचलं बग," त्या म्हणाल्या.

आणि मी? मला तर आभाळ ठेंगणं झालं. नारळाचा प्रश्न परस्पर सुटला होता! मी नरसम्मांना वाकून नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू," असंसुद्धा म्हणाले. (हे वाक्य नंतर ह्यांनी मला बऱ्याचदा म्हणून दाखवलं आहे.)

विमानतळ छान आहे. छोटा, स्वच्छ, आटोपशीर. आत्यांना बसायला व्हीलचेअरही लगेच मिळाली. दारात एक उंचापुरा जवान उभा होता. त्यानं तिकीट बघितलं आणि हात पुढे केला.

"आयडी?"

मी हसून पर्स उघडली. आणि पर्समध्ये हात असतानाच माझ्या डोळ्यांपुढं ती खाकी पिशवी आली. तिचा तळ आला. तळाशी ते पाकीट आलं.

"आधार कार्ड," मी ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "सावंतवाडीला आहे."

ह्यांनी शांतपणे खिशातून स्कूटरचं लायसन्स काढलं. काय तो मनुष्य! तीस वर्षांत एकदाही कुणा पोलिसानं त्यांना अडवलं नव्हतं, तरी ते लायसन्स खिशात घेऊन फिरतात. जवानानं ते बघून मान डोलावली. मग आत्यांकडे वळला.

"माताजी, आपका आधार?"

"हाय की बाळा," आत्या म्हणाल्या. "पुडं गेलंय."

"आगे? किधर आगे?"

"सावंतवाडीला. टेम्पोनं गेलंय. आमी मागनं चाललोय."

जवान माझ्याकडे बघायला लागला. मी आमच्या सोलापुरी हिंदीत समजावायला घेतलं. "भैया, वो क्या है, शुक्रवार को पश्चिम दिशा में जाने का नहीं रहता. तो बुधवार को थैली रखनी पडती है. पश्चिम के घर में. तो वो थैली को लगा कि..." इथं मला पुढचं सुचेना. थैलीला काय वाटणार?

"मॅडम," तो म्हणाला. तो सज्जन होता, हसला नाही. "मोबाइल में आधार निकालिए. ॲप में. चलेगा."

आधी आत्यांचं काढायला घेतलं. ॲपनं आत्यांचा आधार नंबर मागितला. तो कार्डावर, आणि कार्ड सावंतवाडीला. शिवाय ओटीपी जाणार आत्यांच्या फोनवर, आणि तो फोनही सावंतवाडीला. मी घाम पुसत आत्यांच्या नंबरवर फोन लावला. तिकडून प्राजक्ता आनंदानं म्हणाली, "आई, पिशवी आली! आजी कुठंय?"

"आजी दारात अडकलीय. पिशवीच्या तळाचं पाकीट काढ. आजीच्या कार्डावरचा नंबर वाच."

तिनं वाचला. मी टाकला. आत्या, जवान, मागं रांगेत उभी असलेली चार माणसं, सगळेच माझ्या मोबाइलकडे बघायला लागले. आणि साडेतीनशे किलोमीटरवर तो बटणांचा फोन टिंग करून वाजला. प्राजक्तानं आकडे वाचले. इकडे माझ्या मोबाइलवर आत्यांचा फोटो उमटला. (आधारवरच्या फोटोत आत्या आत्यांसारख्या अजिबात दिसत नाहीत. पण कोण दिसतं?) जवानानं बघितला, आत्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "जाइए माताजी."

मागच्या रांगेतल्या एका माणसानं चक्क टाळी वाजवली.

मग माझी पाळी. प्राजक्तानं माझा नंबर वाचला, मी टाकला, आणि ओटीपी पाठवलाय असं ॲप म्हणालं. आम्ही थांबलो. माझा मोबाइल वाजेना. पुन्हा पाठवला. वाजेना. मग ॲपवर खाली लिहिलेले मोबाइलचे शेवटचे आकडे मी नीट वाचले. तो नंबर माझाच होता. मी तीन वर्षांपूर्वी बंद केलेला. आधारला नवा नंबर जोडायचा राहून गेला होता. शाळेत पालकसभेत मोबाइल आणि आधार जोडून घेण्याचं महत्त्व गेली तीन वर्षं मीच समजावून सांगते. माईकवरून!

घरी मतदार कार्ड होतं. शुक्रवार पेठेत, कपाटात. रिक्षानं जायचं, कुलूप काढायचं, शोधायचं, परत यायचं, आणि आत काउंटर बंद व्हायच्या बेतात. वेग, वेळ आणि अंतर यांचं गणित मी उभ्या उभ्या सोडवलं. उत्तर अगदी अचूक आलं. जमणार नव्हतं.

"तुम्ही दोघं जा," मी म्हणाले.

"सुनंदा न्हाय तर मी बी न्हाय," आत्या तिथंच व्हीलचेअरवर घट्ट बसून राहिल्या.

"आत्या, असं करू नका. तुम्हाला रस्त्यानं जमायचं नाही. मला जमतं. ओटी तुम्हीच भरायची आहे."

"आन तू?"

"मी येते मागनं. एसटीला आधार कार्ड लागत नाही."

आत्यांनी माझा हात धरला. तो हात मी इतक्या वर्षांत दळणाचा, भाकरीचा, रागाचा, सगळ्या प्रकारचा बघितलेला. तसा घट्ट धरलेला मात्र कधी नव्हता. "मी थांबते बग तुज्यासाटी," त्या म्हणाल्या. "तू येस्तवर ओटीला हात लावत न्हाय." मग ह्यांनी व्हीलचेअर आत ढकलली. मी काचेतून बघत राहिले, आणि मला रडू आलं ते विमान चुकल्याचं नव्हतं हे मी इथं स्पष्ट करते.

पुढचं सगळं सिल्कच्या साडीत घडलं. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरनं माझ्या चाकांच्या बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, "विमानतळावरनं आलाव काय, बाई?" मी म्हणाले, हो. खोटं काय होतं त्यात? खिडकीशी बसले आणि तेवढ्यात वर घरघर ऐकू आली. पंखेवालं छोटं विमान, उन्हात चमकत, शहरावरून निघालं होतं. मी मान बाहेर काढून बघत होते, तोच फोन वाजला. कांबळेबाई.

"बाई! दिसलो का? सगळी गल्ली गच्चीवर हाय. नवा कोरा टॉवेल हलवला, निळा!"

"दिसला की," मी म्हणाले. "स्पष्ट दिसला."

विमानात फोन बंद ठेवायचा असतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही फोन ठेवल्यावरच लक्षात आलं.

गाडी मंगळवेढ्याच्या स्टँडवर शिरत होती तेव्हा ह्यांचा फोन आला. "उतरलो," ते म्हणाले. मी बाहेर मंगळवेढ्याची पाटी बघितली. सव्वा तासात एसटी मंगळवेढ्याला कशीबशी पोचते, हे आत्यांनी सांगितलेलंच होतं. मागून आत्यांचा आवाज आला, "कुटं हाय ती? मंगळवेड्यात? मग बरं झालं. तिला म्हनावं, भैनीकडनं ज्वारीचं पीट घे. पोरीला हितल्या भाकरीची आटवन येती."

आत्यांची धाकटी बहीण स्टँडच्या मागच्याच आळीत राहते. तिला फोन गेला असावा, कारण गाडी सुटायच्या आत मावशी पिठाची गोणपाटाची पिशवी घेऊन हजर. पण चेहरा फुगलेला.

"आक्का परवाच गेली म्हनं गोव्याला," ती म्हणाली. "मी बुधवारी सांजच्याला फोन केला तर कोन नरसम्मा बोलली, तुमची बहीन सावंतवाडीला निगाली म्हनली. मला सांगितलं बी न्हाय."

"मावशी, त्या परवा गेल्या नाहीत. त्यांची पिशवी गेली."

"पिशवी गेली आन तू अजून हितंच व्हय?"

तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. मी पीठ मांडीवर घेतलं. शिवण जरा उसवलेली होती हे सांगोल्याच्या पुढं कळलं. मिरजेपर्यंत सिल्कच्या साडीचा मूळ रंग कोणता होता हे शेजारच्या बाईला सांगावं लागलं. कोल्हापुरात गाडी बदलली. आंबोलीच्या घाटात मी त्या पिठाच्या पिशवीला लेकरासारखं कवटाळून बसले होते. ॲटलासमध्ये हा घाट एका तपकिरी रेघेत संपतो. प्रत्यक्षात तो संपत नाही.

सावंतवाडीला उतरले तेव्हा दिवे लागले होते. कार्यक्रम चारचा होता. रिक्षातून जाताना मी मनाची तयारी केली, की ओटी भरून झालेली असणार, जेवणं उरकलेली असणार, फोटोत मी नसणार. दारात पोचले, तर मांडवात बायका तशाच बसलेल्या. प्राजक्ता फुलांचे दागिने घालून मधोमध, फुलं बिचारी मलूल झालेली. आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर आत्या, मांडीवर ती खाकी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. विहीणबाई हसत माझ्या कानाशी म्हणाल्या, "चार वाजल्यापासून पिशवीला कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी. पुरोहित एकदा येऊन गेले, परत आलेत."

"आली व्हय?" आत्या म्हणाल्या. "चला आता."

त्या उठल्या. उठताना गुडघा धरला, पण कुणाचा हात घेतला नाही. प्राजक्ताच्या कपाळाला कुंकू लावलं. तांदूळ, खण, हळकुंड, आणि विमानात न बसताही वेळेआधी पोचलेला तो नारळ. प्राजक्ताच्या पदरात नारळ ठेवून त्यांनी नातीच्या पोटावरून हात फिरवला, आणि मग मला पुढं ओढून म्हणाल्या, "आता तू भर. आई हायस तू."

मी पुढं झाले. प्राजक्ता रडत होती आणि हसतही होती, कारण मी पिठानं पांढरी झाले होते. त्या दिवसाचे सगळे फोटो सुंदर आलेत. माझ्या फोटोत मी आजीसारखी दिसते. आत्या माझ्यापेक्षा ताज्या दिसतात.

जेवणं झाल्यावर मी त्यांच्या पायाशी टेकले. "मग, कसं वाटलं विमान? वरनं काय काय दिसलं?"

"काय दिसतंय? ढग हुते. मग डोळा लागला. जागी झाले तर उतरा म्हनले." त्यांनी पदर सारखा केला. "तुजं बरं गं. तुला मंगळवेडं दिसलं."

बाळ झालं, मुलगी. बारशाला जायचं ठरलं तसा मी पहिल्यांदा माझा मोबाइल आधारला जोडून घेतला. मग मतदार कार्ड, पॅन कार्ड आणि आधार कार्ड यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून तीन वेगवेगळ्या पर्समध्ये ठेवल्या. (झेरॉक्स चालत नाही, असं ह्यांनी नंतर सांगितलं. नंतर!) आणि एका संध्याकाळी आत्या गहू निवडता निवडता म्हणाल्या, "सुनंदा, सावंतवाडी कुटल्या दिशेला येती गं?"

स्वयंपाकघरातून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मी ॲटलासकडे बघितलंसुद्धा नाही.

"निघायचं कुठल्या वारी आहे?" मी विचारलं.

"आता गुरवारी बी विमान हाय म्हनं. गुरवारी निगावं म्हनते."

"मग पश्चिमेला."

"आन शुक्रवारी निगालो तर?"

"तर दक्षिणेला," मी म्हणाले.

आत्यांनी सुपातून मान वर केली आणि समाधानानं म्हणाल्या, "आता तुला भूगोल यायला लागला."

नैऋत्य मी अजूनही शिकवते. पण फक्त शाळेत. तिथं कुणाला प्रवासाला निघायचं नसतं.